डिकीच्या कोपऱ्यात फायबरचा सबवूफर बॉक्स

मागच्या चाकाच्या कमानीमागे, टेललाइटच्या आत डिकीत जो वेडावाकडा खळगा असतो, त्याचा चौकोनी प्लायच्या बॉक्सला काहीच उपयोग होत नाही. फायबरचा बॉक्स तीच जागा वापरतो. स्टेपनी काढता येते, चवथीचं सामान डिकीत मावतं आणि सबवूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, एका बाजूला गप्प बसतो. मात्र आज अनेक गाड्यांत दिसणारे असे बॉक्स वरून आरशासारखे गुळगुळीत आणि आतून पापडासारखे पातळ असतात. कापड ताणलं, त्यावर रेझिनमध्ये भिजवलेल्या काचेच्या धाग्यांच्या मॅटचे एक-दोन थर दिले आणि बाकीची जाडी पुट्टीने भरली, असं ते काम असतं. पुट्टी आकार देते, ताकद देत नाही. ताकद काचेच्या मॅटमध्ये असते. या लेखातलं बहुतेक सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

गोव्यात हे काम करायला एक मोठी सोय आहे. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या असल्यामुळे जीपी (साधं) पॉलिस्टर रेझिन, चॉप्ड स्ट्रँड मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची), रेझिन घट्ट करणारं हार्डनर आणि त्याचा वेग वाढवणारं कोबाल्ट या वस्तू इथे अनोळखी नाहीत. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत होड्या वर ओढलेल्या असतात आणि डागडुजी चालू असते. तिथला कारागीर ब्रशने मॅट कशी टोचून टोचून भिजवतो, ते तासभर पाहिलं तर कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त कळतं. अडचणही इथलीच आहे, ती म्हणजे दमट हवा आणि उकाडा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

सुरुवात आकारापासून करू नका, लिटरपासून करा. सबवूफरच्या कागदावर तीन आकडे असतात: व्हास (Vas, पडद्याच्या लवचिकतेइतकी हवा), क्यूटीएस (Qts, त्याची थरथर किती लवकर थांबते त्याचं माप) आणि एफएस (Fs, त्याची नैसर्गिक कंपनसंख्या म्हणजे रेझोनन्स). बंद बॉक्ससाठी क्यूटीसी (Qtc, बॉक्समध्ये बसवल्यावरचं तेच माप) ०.७०७ धरा. क्यूटीसीला क्यूटीएसने भागा, उत्तराचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा आणि व्हासला या संख्येने भागा. समजा व्हास ४० लिटर आणि क्यूटीएस ०.४५ आहे. ०.७०७ भागिले ०.४५ म्हणजे १.५७, वर्ग २.४७, वजा १ केल्यावर १.४७. ४० भागिले १.४७ म्हणजे साधारण २७ लिटर. बॉक्समधला रेझोनन्स हवा असेल तर एफएसला त्याच १.५७ ने गुणा. एफएस ३० हर्ट्झ असेल तर ४७ हर्ट्झ येतात. कागदावर आकडे फक्त घनफुटांत दिले असतील तर १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर.

हे २७ लिटर म्हणजे आत उरलेली मोकळी हवा. सबवूफरचा मागचा भाग दोनेक लिटर जागा खातो, आधाराच्या काठ्या अर्धा लिटर. शिवाय माप घेतल्यानंतर आतून मॅटचे आणखी थर चढणार आहेत. बॉक्सचं एकूण क्षेत्रफळ ०.७ चौरस मीटर आणि आतून वाढणारी जाडी ३ मिलिमीटर धरली, तर तिथेच २.१ लिटर जातात. म्हणजे कापड कडक झाल्यावर मोजाल तेव्हा ३२ लिटरच्या आसपास भरायला हवेत. बॉक्स लहान झाल्याची तक्रार बहुतेक वेळा हा शेवटचा हिशेब न केल्यामुळे येते.

पोर्ट (हवा ये-जा करायची नळी) असलेला बॉक्स फायबरमध्ये करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बंद बॉक्समध्ये दोन-तीन लिटरचा फरक पडला तर कानाला फारसं कळत नाही. पोर्टचं ट्यूनिंग मात्र तेवढ्याने सरकतं, आणि वेड्यावाकड्या आकाराचं माप इतकं अचूक येत नाही. शिवाय बंद बॉक्सचा आवाज रेझोनन्सखाली सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो, आणि गाडीची बंद केबिन खालचे सूर साधारण तेवढ्याच उताराने उचलून धरते. लहान गाडीत बंद बॉक्स इतका खोल वाजतो तो यामुळे.

आता डिकी. बाजूचं प्लास्टिकचं आवरण काढा आणि आत नीट बघा. एका बाजूला पेट्रोल भरायची नळी असते, टेललाइटचे बल्ब बदलायची जागा असते, आणि बंपरच्या आड हवा बाहेर सोडणारी रबरी झडप असते. ती झडप बुजवली तर दारं आपटावी लागतात आणि काचांवर वाफ धरते. या सगळ्यांपासून बोटभर अंतर ठेवूनच साचा घ्यायचा. बल्बपर्यंत हात पोचत नसेल, तर बॉक्स चार बोल्ट काढून बाहेर येईल असाच बांधा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॉक्स बाहेर कुठून निघणार ते आधी ठरवा. पत्र्याच्या ओठामागे मॅट घुसली की थर कडक झाल्यावर तो तुकडा तिथेच अडकतो. मग गाडी कापायची की फायबर, एवढाच प्रश्न उरतो. असे खाचे आधी थर्माकोलच्या किंवा फोमच्या तुकड्याने भरून वर टेप लावा. तोंड रुंद आणि तळ अरुंद अशी उतरती बाजू सगळीकडे मिळाली पाहिजे. थर्माकोल उघडा राहिला तर पॉलिस्टर रेझिन तो विरघळवून टाकतं, म्हणून त्यावर टेप आणि फॉइल दोन्ही हवंच.

साचा घ्यायच्या भागावर मास्किंग टेपचे दोन थर द्या, एक उभा आणि एक आडवा. त्यावर किचनमधली ॲल्युमिनियम फॉइल आणि फॉइलवर मेणाची पॉलिश. डिकीचा उरलेला भाग, सीटच्या पाठी, छत, मागचा बंपर हे सगळं जाड प्लास्टिकने झाका. रेझिनचा थेंब कापडावर पडला की तो कायमचा.

मिश्रणाबद्दल घाई नको. आपल्याकडे रेझिन बऱ्याचदा कोबाल्ट न घातलेलं मिळतं, म्हणजे कोबाल्ट आणि हार्डनर, दोन्ही आपणच घालायचे असतात. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मगच हार्डनर घालायचं. हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यांची प्रतिक्रिया स्फोटक असते, आग लागते. दोघांसाठी वेगवेगळ्या सिरिंज वापरा, त्यांवर नावं लिहा आणि बाटल्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा. दुकानदाराने कोबाल्ट आधीच घातलं आहे का, तेही विचारून घ्या, नाहीतर दुप्पट पडेल.

अर्धा किलो रेझिनला ५ ते ७ मिलिलिटर कोबाल्ट आणि तेवढंच हार्डनर, म्हणजे प्रत्येकी १ ते दीड टक्का. आधी १०० ग्रॅमचा नमुना करून घड्याळ लावा. १५ ते २० मिनिटांत जेलीसारखं व्हायला लागलं तर मिश्रण बरोबर. मे महिन्याच्या दुपारी हेच आठ मिनिटांत आवळतं. तेव्हा हार्डनर १ टक्क्याच्या खाली नेऊ नका. त्याने रेझिन हळू होत नाही, कच्चं राहतं आणि महिन्यांनंतरही वास येत राहतो. कोबाल्ट कमी करा, एका वेळी ३०० ग्रॅमच बनवा आणि खोल डब्याऐवजी पसरट ट्रेमध्ये ओता. खोल डब्यात उष्णता साठते, मिश्रण धुमसतं आणि हातात ब्रश असतानाच दगड होतं. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे सकाळी दहाच्या आत.

सुरक्षेचं तोंडदेखलं सांगत नाही. रेझिनमधल्या स्टायरिनचा फ्लॅश पॉइंट ३१ अंशांच्या आसपास आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतही पारा त्यावर जातो, म्हणजे भांड्यातून निघणारी वाफ ठिणगी मिळताच पेटू शकते. गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, सगळी दारं उघडी ठेवा, जवळपास सिगारेट, ग्राइंडर, हीटर काही नको. कापडी मास्क या वाफेला अडवत नाही, ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा घालाच, आणि गेलाच तर त्याच क्षणी वाहत्या पाण्याखाली धरा, किमान १५ मिनिटं, आणि मग थेट डॉक्टरकडे. हार्डनर लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. पाण्यात भिजवून उघड्यावर ठेवा.

मॅट ४५० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची घ्या. कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाडलेल्या कडेचे धागे पुढच्या तुकड्यात मिसळतात, कापलेली कड उमटून राहते. तळहाताएवढे तुकडे पुरेत, कोपऱ्यात त्याहून लहान. आधी फॉइलवर रेझिनचा हात फिरवा, मग मॅट ठेवा आणि वरून ब्रशने टोचत भिजवा. ब्रश ओढला की धागे सरकतात. मॅट पांढरी दिसते तिथे ती कोरडी आहे. नीट भिजलेली मॅट पारदर्शक होते. दाताच्या रोलरने हवा काढा. वजनाने मॅटच्या दोन ते सव्वादोन पट रेझिन लागतं. त्याहून जास्त ओतलं तर भिंत मजबूत होत नाही, ठिसूळ होते.

एका वेळी दोन, फार तर तीन थर द्या. जास्त दिले तर आतली उष्णता वाढते, रेझिन आक्रसतं आणि तुकडा पिळवटतो. मग तो गाडीच्या आकाराशी जुळत नाही. गाडीत एवढे दोन-तीन थर द्या, कडेने तीन-चार सेंटीमीटर जास्त घ्या आणि रात्रभर राहू द्या. सकाळी हलक्या हाताने सुटा करा. उरलेले थर बाहेर, अंगणात द्यायचे.

सामानाचा अंदाज असा. ०.७ चौरस मीटर क्षेत्रफळ, ४५० जीएसएमचे सहा थर, म्हणजे मॅट १.९ किलो. त्याला रेझिन सव्वाचार किलो. कापड भिजवायला, पुट्टीबरोबर मिसळायला आणि वाया जाण्यासाठी धरून सहा किलो आणा. ४५० जीएसएमचा एक थर साधारण १ मिलिमीटर होतो, म्हणून सहा थर म्हणजे ६ मिलिमीटरची भिंत. १२ इंची सबवूफरसाठी याच्या खाली जाऊ नका. भिंतीचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे ३ मिलिमीटरची ६ झाली की ती आठपट कमी वाकते. गोलाई असलेला भाग आपोआप कडक असतो. सपाट भाग सर्वांत आधी थरथरतो, तिथे आठ थर द्या किंवा आतून लाकडी पट्टी बसवून तिच्यावरून मॅट घ्या.

सबवूफर बसवायच्या रिंगसाठी १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय वापरा, आयएस ७१० चा शिक्का पाहून. बाहेरच्या व्हिडिओंमध्ये सगळे एमडीएफ वापरतात. आपल्या पावसाळ्यात एमडीएफची कड ओल पिऊन फुगते आणि स्क्रू सैल होतात. रिंग दोन करा. आतली सबवूफरच्या कटआउटच्या मापाची, आणि तिच्यावर बाहेरची, फ्रेमच्या व्यासापेक्षा ४-५ मिलिमीटर मोठी. म्हणजे रेक्झिन किंवा कार्पेट चढल्यावरही सबवूफर पृष्ठभागाशी समपातळीत बसतो. हा जादा फरक ठेवला नाही, तर शेवटच्या दिवशी फ्रेम आत जात नाही आणि सगळी कड पुन्हा घासावी लागते.

गाडीत घेतलेल्या तुकड्यावर, म्हणजे बॉक्सच्या तळावर, रिंग २० मिलिमीटर जाड लाकडी काठ्यांवर उभी करा, चार तरी. कोन ठरवताना सबवूफर हातात धरून पाहा. मॅग्नेटच्या मागे, मधल्या छिद्रासमोर तीन-चार सेंटीमीटर मोकळे हवेत. डिकीचं झाकण बंद करून बघा, मागची सीट पाडून बघा. काठ्या आधी गरम ग्लूने टेकवा, मग टोकांवर मॅटचे तुकडे लावून पक्क्या करा. नुसत्या ग्लूवर सोडल्या तर कापड ताणताना रिंग फिरते.

कापड फ्लीसचं घ्या, दोन्ही दिशांना ताणणारं. रिंगच्या कडेला स्टेपल करून तळाच्या कडेकडे ओढत न्या, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने. सुरकुती पुट्टीने लपेल असं समजू नका. ती आताच काढायची. ताणलेलं कापड दोन आधारांमध्ये नेहमी आत ओढलं जातं, बाहेर कधीच फुगत नाही. तुम्हाला फुगीर आकार हवा असेल तर मधे आधार द्यावाच लागतो. दिवाळीत नरकासुराच्या पुतळ्याचा सांगाडा बांधणाऱ्या पोरांना हे सांगावं लागत नाही. आकार कुठे येणार ते त्यांना काठ्या बांधतानाच दिसतं, आणि अशा मुलाची नजर या टप्प्यावर फार कामाला येते.

कापडावर पहिलं रेझिन कमी ओता. एकदम ओतलं तर वजनाने मधला भाग खाली झोल खातो आणि तसाच कडक होतो. पातळ हात फिरवा, आवळू द्या, मग पुन्हा भरपूर भिजवा, आतल्या बाजूपर्यंत उतरेल इतकं. आतून हात घालून तपासा. कोरडं राहिलेलं कापड म्हणजे नंतर सुटणारा पापुद्रा.

हे कडक झाल्यावर माप घ्या. पाणी भरू नका, तीस किलो वजनाने पातळ कवच फुगतं. बीनबॅगमधले थर्माकोलचे दाणे लिटरच्या मापाने रिंगमधून ओता. कमी भरत असेल तर अजून कापड कापून बदलता येतं. थोडंच, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत कमी असेल तर नंतर आत उशीतला पॉलिस्टर कापूस सैल भरा. सबवूफरला आतली हवा थोडी जास्त असल्यासारखी वाटते. जास्त भरत असेल तर आत लाकडाचा ठोकळा चिकटवा.

आता सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम: रिंगच्या भोकातून हात घालून कापडाच्या आतून मॅट लावायची. इथेच लोक थकतात आणि दोन थरांवर थांबतात. तीन-चार थर आतून आणि दोन बाहेरून द्या. तळ आणि कापड जिथे जुळतात त्या सांध्यावर आतून किमान तीन थर, दोन्ही बाजूंना पाच सेंटीमीटर जाईल असे. शेवटी पॉलिस्टर पुट्टी आणि रेझिन समसमान मिसळून दाट लापशी करा, आत ओता आणि बॉक्स फिरवत सगळीकडे पोचवा. यातून बारीक छिद्रं बुजतात. ही लापशी मॅटच्या थराऐवजी नाही, थरांनंतर.

थरांमध्ये २४ तासांहून जास्त अंतर पडलं तर नुसतं वर रेझिन लावू नका. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ॲसिटोनने पुसा. पावसाळ्यात मॅटचा रोल प्लास्टिकमध्ये बांधूनच ठेवा आणि वापरण्याआधी हॅलोजनखाली किंवा उन्हात तास-दोन तास ठेवा. ओल धरलेली मॅट पांढुरकी राहते आणि तिची रेझिनशी पकड नीट बसत नाही. खरं तर हे काम जुलैत करूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यांत सोयीचा. रेझिनही ताजंच घ्या. गरम गोदामात पडून राहिलेलं रेझिन डब्यातच दाट होत जातं, तार धरू लागलं असेल तर परत करा.

कवच पूर्ण झालं की पुट्टीची घाई करू नका. दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. रेझिन आक्रसायचं तेवढं आता आक्रसू दे. लगेच पुट्टी मारून रंगवलेल्या बॉक्सवर महिन्याभराने मॅटचे धागे आणि खड्डे उमटतात, ते यामुळेच. मग बोटाच्या सांध्याने सगळीकडे टकटक करा. आवाज कोरडा आणि तोकडा यायला हवा. कुठे ढबढब आलं तर तिथे आतून आणखी दोन थर. पुट्टी फार तर २ मिलिमीटर. ८० नंबरने आकार आणा, मग १८०, रंग द्यायचा असेल तर ३२०पर्यंत. घासताना काचेची धूळ अंगाला टोचते आणि फुप्फुसात जाते, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि एन९५ मास्क घाला.

रेक्झिन किंवा कार्पेट चिकटवायला रबर-बेस सोल्यूशन दोन्ही पृष्ठभागांवर लावून १०-१५ मिनिटं वाळू द्या, मग दाबा. खोलगट जागी रेक्झिनला हेअर ड्रायरची ऊब द्या. नाहीतर उन्हात उभ्या गाडीत आठवड्याभरात ते वर उचललं जातं.

तारेसाठी मोठं भोक पाडू नका. दोन स्टेनलेस बोल्ट भिंतीतून आरपार घाला, आत-बाहेर नट लावा, कडेने सिलिकॉन भरा. सगळे स्क्रू स्टेनलेसचेच. खारी हवा साध्या स्क्रूला सोडत नाही. सबवूफरच्या फ्रेमखाली फोमची पट्टी हवी. गळती तपासायला सबवूफरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, दोन्ही हातांनी सारख्या दाबाने थोडा आत ढकला आणि सोडा. तो हळू परतला तर बॉक्स हवाबंद, झटकन उसळला तर कुठून तरी हवा जाते. मग ३० हर्ट्झचा सूर लावा आणि पेटती अगरबत्ती सांध्यांवरून फिरवा, धूर हलेल तिथे गळती आहे.

बसवताना नुसत्या वेल्क्रोवर विश्वास ठेवू नका. सबवूफरसह हा बॉक्स १५ किलोच्या पुढे जातो आणि अपघातात थेट मागच्या सीटवर येतो. एम८ बोल्ट आणि लोखंडी अँगलने, किमान तीन ठिकाणी, गाडीच्या मूळ सांगाड्याला आवळा. सीटबेल्टचा बोल्ट त्यासाठी वापरू नका. ड्रिल मारण्याआधी पत्र्याच्या मागे काय आहे ते खाली वाकून बघा, पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची नळी त्याच भागात असते. नवीन भोकाच्या कडेला लगेच गंजरोधक रंग लावा. ॲम्प्लिफायरच्या मुख्य तारेवर बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज हवा. आठवडाभर गाडी चालवल्यावर सगळे बोल्ट आणि सबवूफरचे स्क्रू पुन्हा एकदा आवळा. फोम दबल्यामुळे ते पाव-अर्धा फेरा हमखास सैल झालेले असतात.